शाळा व्यवस्थापन समिती की ग्रामपंचायत: आईबापानं कुठे उभं राहावं?

धाकटी जाऊ परवा भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "ताई, शाळेच्या समितीत जाऊ की थेट ग्रामपंचायतीला उभी राहू?" तिचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. मी दोन वर्षं समितीची अध्यक्ष होते, आणि थोरले दीर पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य. दोन्ही कामं मी घरातूनच पाहिली आहेत, म्हणून हे लिहितेय.

आत शिरण्याची वाट दोन्हीकडे वेगळी आहे. समिती पालकसभेत निवडली जाते, बहुतेक गावांत हात वर करून. अनामत नाही, प्रचार नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं समितीत किमान 75 टक्के पालक हवेत आणि निम्म्या बायका. अध्यक्ष पालकांतलाच, मुख्याध्यापक सदस्य सचिव, मुदत दोन वर्षं. ग्रामपंचायतीला वयाची 21 वर्षं पूर्ण हवीत, राखीव जागा असेल तर जातवैधतेचा कागद लागतो, आणि 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर तिथेच विषय संपतो. निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो. पक्षाचं चिन्ह नसतं, पण पॅनल असतं. एकदा पॅनलमध्ये गेलात की पाच वर्षं तुमच्या प्रत्येक बोलण्याला गावात त्याच पॅनलचा वास येतो. हे मला सगळ्यात जड वाटतं, कारण पोरं दोन्ही पॅनलची एकाच बाकावर बसतात.

आता कामाचं. समितीला काही अधिकार नसतात, नुसत्या सह्या करायच्या असतात, असं खूप जण म्हणतात. मला हे पटत नाही. आमच्या वेळी पटावर 62 मुलं होती. शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीला रोज माणशी 100 ग्रॅम तांदूळ, म्हणजे सगळी हजर असली की 6 किलो 200 ग्रॅम. एका सकाळी मी घरचा काटा घेऊन गेले. स्वयंपाकाच्या मावशी पत्र्याच्या डब्यानं मोजत होत्या, तीन डबे भरून. काट्यावर भरले जेमतेम पाच किलो. मावशींची चूक नव्हती. पट कमी होता तेव्हापासून तेच तीन डबे चालत आले होते. त्याच दिवशी वजन करून खिळ्यानं डब्यावर नवी खूण केली आणि मुलांमागं किती डबे घ्यायचे ते भिंतीवर लिहिलं. पुढच्या आठवड्यात माझ्या लेकीनं घरी सांगितलं, "आई, आता दुसऱ्यांदा मागितला तरी भात मिळतो." पाच वर्षं ग्रामपंचायतीत बसूनही हे काम झालं नसतं, कारण ते त्या टेबलावर येतच नाही. चव नोंदवही (वाढण्याआधी जेवण चाखल्याची नोंद), शिक्षकांची हजेरी, शाळा विकास आराखडा, पटाप्रमाणे मिळणारं संयुक्त अनुदान हे सगळं समितीसमोर येतं. 31 ते 100 पटाला वर्षाला 25,000 रुपये ठरलेले आहेत. बँकेतून ते काढताना मुख्याध्यापकांबरोबर अध्यक्षाची सही लागते. म्हणून बैठक झालीच नाही आणि इतिवृत्ताची वही घरी सहीला आली, तर सही करू नका. मी पहिल्या वर्षी दोनदा केली, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पण समितीचे हात कुठे तोकडे पडतात तेही सांगते. शिक्षकाची बदली तिच्या हातात नाही. वर्गखोली गळत असेल तर 25,000 मध्ये खडू, झाडू, वीजबिल भागवून छप्पर होत नाही. नळाचं पाणी, शाळेपुढचा चिखल, मुलींचं स्वच्छतागृह यासाठी ग्रामपंचायतच गाठावी लागते. वित्त आयोगाचा पैसा तिथे येतो आणि वर्षाच्या आराखड्यात शाळा घालायची की नाही, ते तिथे ठरतं. दिरांनी स्वच्छतागृहाला पाणी जोडून दिलं. मी समितीतून वर्षभर नुसते अर्ज देत होते.

वेळेचा हिशोबही करा. समितीची बैठक महिन्यातून एक, शाळा घराजवळ. ग्रामपंचायत सदस्याला मात्र सांडपाणी, दिवाबत्ती, भाऊबंदकी सगळ्यासाठी दार उघडं ठेवावं लागतं. शाळा त्यातला एक कोपरा. शिवाय मूल शाळेतून बाहेर पडलं की समितीतली जागाही जाते. चौथी-पाचवीतल्या मुलाच्या पालकानं हे आधी पाहावं.

मूल खाजगी विनाअनुदानित शाळेत असेल तर ही समिती तिथे नसते. तिथे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत नाव द्या. फीवाढीचा प्रस्ताव तिच्यापुढे येतो.

जावेला मी विचारलं, तुला रात्री झोप कशामुळे लागत नाही? ती म्हणाली, पोराला अजून जोडाक्षर वाचता येत नाही. मग समितीतच जा म्हटलं. येत्या पालकसभेला ती पुढच्या रांगेत बसणार आहे, आणि घरचा काटा मी तिला देऊन टाकलाय.