एनव्हीडीए, सेकंडहँड लॅपटॉप आणि सरकारी पोर्टल: आठ महिन्यांनंतर

मला दिसत नाही, म्हणून सरकारी पोर्टलवरचा कॅप्चा, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून टाइप करायची ती परीक्षा, वाचायला परवा रात्री साडेदहाला वरच्या मजल्यावरच्या पोराला हाक मारून खाली बोलावलं. पाचवीत आहे. दात घासता घासताच आला. "काकू, परत तेच?" परत तेच. त्याने स्क्रीनला नाक लावलं असणार, कारण टूथपेस्टचा वास थेट माझ्यापर्यंत आला. "मोठा जी, सात, छोटा क्यू... नाही नाही, नऊ. थांबा हं, क्यूच." क्यू घातला, चुकलं. नवं चित्र आलं. आता शून्य की ओ यावर त्याचं आणि माझ्या नवऱ्याचं जुंपलं. ह्यांना एका डोळ्याने थोडं दिसतं, तेवढ्यावर ते वाद घालतात. तेही चुकलं. तिसऱ्या चुकीला पोर्टलने मला बाहेर काढलं आणि पाऊण तास खपून भरलेला अर्ज गेला. अर्ज कसला, तर दिव्यांगांसाठीच्या योजनेचा. त्या रागात लिहायला बसले आहे, तेव्हा गोड काही वाचायला मिळेल ही अपेक्षा ठेवू नका.

आधी खर्चाचं. लॅपटॉप साडेतेरा हजारांना घेतला, बिजागरी सैल आहे, मला काय फरक पडतो. एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर, फुकट. जॉज या विकतच्या स्क्रीन रीडरची किंमत एकदा विचारली होती. गाण्याच्या शिकवण्यांवर मिरजेत घर चालवणाऱ्या बाईने दुसऱ्यांदा विचारू नये अशी ती आहे. नेट कॅफेवाला एका अर्जाचे साठ रुपये घेत होता. आठ महिन्यांत नऊ अर्ज मी स्वतः भरले, म्हणजे पाचशे चाळीस वाचले. या वेगाने लॅपटॉप फिटायला माझी पंचाहत्तरी उलटेल. पण त्या कॅफेत आधार नंबर मोठ्याने सांगावा लागायचा आणि ओटीपी आला की मोबाईलच त्या मुलाच्या हातात द्यावा लागायचा. मागे रांगेत चार माणसं उभी. तो हिशेब मी रुपयांत धरलेला नाही.

एनव्हीडीएबद्दल तक्रार जवळपास नाही. त्यातला ईस्पीक नावाचा मराठी आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा आहे, पहिला आठवडा डोकं उठलं, आता वेग वाढवून ऐकते. पान नीट बनवलेलं असेल तर एच दाबत मथळ्यांवरून उड्या मारायच्या, ई दाबून भरायच्या रकान्यांवर जायचं, बी दाबून बटनांवर. काही सरकारी पानं खरंच अशी आहेत, रकान्यावर गेलं की 'पिन कोड, आवश्यक' असं स्वच्छ ऐकू येतं. काहींवर नुसतंच 'एडिट, एडिट, एडिट'. कुठल्या रकान्यात आईचं नाव आणि कुठल्यात जिल्हा, ते तुम्ही ओळखा. स्कॅन करून टाकलेल्या परिपत्रकांबद्दल इथे लिहीत नाही, तो वेगळा शिमगा आहे.

एक गंमत मात्र सांगते. बऱ्याच सरकारी साइटवर 'स्क्रीन रीडर ॲक्सेस' नावाची लिंक असते. मोठ्या आशेने उघडली. आत काय, तर स्क्रीन रीडरांच्या नावांचा तक्ता, फुकट कोणता आणि विकतचा कोणता. म्हणजे ज्याच्याकडे स्क्रीन रीडर आहे त्याला ऐकवायचं की स्क्रीन रीडर कुठे मिळतो! त्यातही विंडो-आइज अजून तिथे आहे, जो २०१७ सालीच बंद झाला. आणि अक्षरं मोठी-छोटी करणाऱ्या त्या वरच्या कोपऱ्यातल्या ए-प्लस, ए-मायनसचा ह्यांना थोडा उपयोग होतो, मला शून्य.

आता कॅप्चा. हो, मला ठाऊक आहे की बाकी पंचवीस गोष्टी आहेत. पण बाकीच्या पंचवीस गोष्टींतून वाट काढता येते, तीनदा ऐकून, अंदाजाने, कुणाला फोन करून. कॅप्चा म्हणजे वाड्यात रॅम्प बांधला, दिवे लावले आणि दिंडी दरवाजाला आतून कडी घातली. एनव्हीडीए तिथे 'ग्राफिक, कॅप्चा' म्हणतो आणि गप्प बसतो. एनव्हीडीएची कळ (म्हणजे इन्सर्ट) आणि आर एकत्र दाबून चित्रातली अक्षरं ओळखायला लावली, तर एकदा सहातली चार सांगितली, एकदा एकही नाही.

हेल्पलाइनला फोन केला. मुलगा सभ्य होता, त्याच्यावर राग नाही. म्हणाला, "मॅडम, घरात दुसरं कोणी नाही का?" मी म्हटलं, आहेत ना, नवरा आहे, त्यांनाही नीट दिसत नाही. यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, "मग शेजारी?" तेव्हाच ठरवलं की आता लेखी तक्रार.

तक्रार लिहिण्यासाठी थोडं वाचलं. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ चा. सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. ती ज्या डब्ल्यूसीएजी निकषांवर, म्हणजे संकेतस्थळं दिव्यांगांनाही वापरता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांवर, उभी आहे त्यांतला पहिलाच निकष कॅप्चाचं नाव घेऊन सांगतो की चित्र ठेवलंत तर दुसऱ्या इंद्रियाने सोडवता येईल असा पर्यायही ठेवा. म्हणजे माझं भांडण नव्या मागणीसाठी नव्हतंच. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं: कायदा सक्ती म्हणतो आणि त्याखालचा नियम १५(१) नुसत्या शिफारशी करतो, हे चालणार नाही, तीन महिन्यांत सक्तीचे निकष करा. पुढे ३० एप्रिल २०२५ ला ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन अमर जैन यांच्या याचिकांवर वीस निर्देश आले. तिथे मुद्दा केवायसीचा होता, कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवा म्हणणाऱ्या ॲपांचा. हे मी ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "आपल्याला कॅप्चा तरी विचारतात, त्यांना तर डोळे मिचकावायला सांगतात." दोन्ही निकालांच्या तारखा घालून तक्रार पाठवली आणि विसरले.

(इथवर लिहून ठेवलं होतं. पुढचं तीन आठवड्यांनी.)

मागे घेते! निदान अर्धं तरी. परवा त्याच पोर्टलवर गेले, बी दाबत होते, आणि 'प्ले ऑडिओ कॅप्चा, बटन' ऐकू आलं. खोटं कशाला सांगू, ह्यांना ओरडूनच बोलावलं. माझ्या तक्रारीमुळे की आपोआप, कळायला मार्ग नाही. मी श्रेय घेऊन टाकलं.

दाबलं. एक बाई इंग्रजीत अक्षरं सांगू लागली आणि त्याच क्षणी एनव्हीडीएही बोलू लागला. दोघांचं एकदम. शाळेत दोन वर्गांना एकाच खोलीत प्रार्थना म्हणायला लावली तर जे होईल ते. दोन दिवस झगडल्यावर युक्ती सापडली, ज्यांना हवी त्यांनी लिहून घ्या. एनव्हीडीए आणि २ दाबून टाइप केलेली अक्षरं बोलणं बंद करायचं. प्ले दाबलं की लगेच एनव्हीडीए आणि एस दाबून आवाज बंद करायचा, अक्षरं कागदावर ब्रेलमध्ये टोचायची, मग पुन्हा एनव्हीडीए आणि एस दाबत आवाज परत आणायचा. ती बाई मोठं अक्षर की छोटं ते सांगत नाही, पण सगळं छोट्यात टाइप केलेलं चालतं. पहिल्या फटक्यात आत गेले. रात्री अकरा वाजता, कुणालाही न उठवता.

पोर्टलला मी एकच तारा देणार होते, ते आता तीन केले. चौथा का नाही, तेही सांगते. दुसऱ्या एका खात्याच्या साइटवर कॅप्चा म्हणजे साध्या अक्षरांत लिहिलेली बेरीज आहे, 'सात अधिक चार'. दोन सेकंदांत अकरा. रेकॉर्डिंग नको, बाई नको, खर्च नाही. हे करणारा माणूस त्याच सरकारात बसलेला असताना बाकीच्यांना ते का सुचू नये?

शिवाय ऐकू न आलेला कॅप्चा बदलायचं बटन अजून नुसतं 'बटन' आहे. त्या रकान्यानंतरचं दुसरं, हे मी पाठ करून टाकलं होतं. मंगळवारी त्यांनी मधे काहीतरी नवं घातलं आणि दुसरं बटन 'रीसेट' झालं. त्यालाही नाव नाही. दाबल्यावर कळलं.

अर्जातली सगळी उत्तरं आता नोटपॅडमध्ये ठेवली आहेत, तिथून चिकटवते. मुदत ३१ तारखेपर्यंत आहे.