साखळी पन्नास मीटर

गेले 1,180 युरो. त्यातले 310 पाच महिन्यांनी परत आले, बाकीचे गेले ते गेलेच. रक्कम काही आयुष्य उद्ध्वस्त करणारी नाही, पण ज्या पद्धतीने ती काढून घेतली ती पद्धत इतकी सोपी आहे, की युरोपात राहणारी आणि होडीचा नाद लागलेली आपली बरीच मंडळी तिला बळी पडतील. म्हणून लिहितोय. बोट भाड्याने देणाऱ्या त्या कंपनीचं नाव देत नाही. तशा कंपन्या एकापेक्षा जास्त असणार, आणि एक नाव टाळून तुम्ही दुसरीकडे अडकलात तर या लिहिण्याचा उपयोग काय?

मी म्युनिकजवळ राहतो. मूळचा कोकणातल्या हर्णैचा. माझा काका तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा कप्तान होता. मी मात्र शिडाची बोट शिकलो ती आमरझे या तळ्यावर, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. मग जर्मनीचा समुद्रावरचा बोटपरवाना काढला आणि रेडिओचं प्रमाणपत्र घेतलं. क्रोएशियात बोट भाड्याने घ्यायला या दोन गोष्टी पुरतात. आता एक गंमत सांगतो: त्या परवान्याची प्रात्यक्षिक परीक्षा मोटरबोटीवर होते. आणि तळ्यावर नांगर टाकायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती, संध्याकाळी बोट धक्क्याला बांधून लोक घरी जातात. म्हणजे कागदावर मी कप्तान, आणि नांगराच्या बाबतीत कोरी पाटी. हे आधीच कबूल करतो, कारण पुढच्या गोष्टीत अर्धा गाढवपणा माझा आहे.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. मी, बायको, मेहुणा आणि त्याची बायको. स्प्लिटच्या जवळचा एक धक्का, चाळीस फुटी बोट, वय बरंच. कप्तान नको, आम्हीच चालवणार, म्हणजे बेअरबोट. तिकडे आठवडा शनिवार ते शनिवार चालतो. शनिवारी सकाळी जुने लोक उतरतात, दिवसभरात साफसफाई, संध्याकाळी पाचला नव्या लोकांच्या ताब्यात बोट. आम्हाला ती मिळाली पावणेसातला. सूर्य मावळलेला. साडेआठशेच्या वर किलोमीटर गाडी हाकून आलेलो, पोटात कावळे, आणि धक्क्यावर उभ्या ट्रॉलीत कोमट होत चाललेलं दूध.

ताबा द्यायला आलेला मुलगा गोड होता. त्याने गॅस दाखवला, संडासाचा पंप दाखवला (त्यावर दहा मिनिटं, सगळेच घालवतात), फ्रिज, दिवे, इंजिनाचं तेल. मग नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर जाऊन विंडलासचं, म्हणजे नांगराच्या विजेवर चालणाऱ्या रहाटाचं बटण दाबलं. नांगर हातभर खाली गेला, हातभर वर आला. ‘चालतंय.’ पुढच्या यादीवर खूण. दोन पानं यादी: चमचे 8, लाइफजॅकेट 8, हातकंदील 1, नांगर 1, साखळी 50 मीटर. खाली सही. सही केली.

त्याआधी कार्यालयात 2,500 युरो अनामत. मला वाटलं कार्डावर रक्कम नुसती गोठवतील. त्यांनी ती सरळ वळती करून घेतली, ‘शुक्रवारी परत पाठवू.’ दोन्हींत फरक काय हे तेव्हा डोक्यात आलं नाही. गोठवलेली रक्कम घ्यायला त्यांना काहीतरी करावं लागतं. घेतलेली रक्कम परत मिळवायला तुम्हाला करावं लागतं. अनामतीचा विमाही देत होते, तो मी पैसे वाचवायला नाकारला.

मेहुणा शंकेखोर. ‘दाजी, हा खोलीचा आकडा पाण्याच्या पृष्ठभागापासून दाखवतो का बोटीच्या तळापासून?’ मुलगा म्हणाला, तळापासून. मेहुण्याने दुसऱ्या दिवशी सकाळी सुतळीला पाना बांधून पाण्यात सोडला आणि मोजलं. आकडा पृष्ठभागापासूनचा निघाला. आमच्या बोटीचा तळ पाण्याखाली दोन मीटरवर, म्हणजे यंत्रावर तीन दिसले की आम्ही निर्धास्त असतो आणि प्रत्यक्षात खाली उरतं एक मीटर पाणी. तिकडे भरती-ओहोटीचा फरक हातभरही नसतो, त्यामुळे रुतलात तर हर्णैसारखं ‘येईल भरती सहा तासांत’ म्हणत चहा पीत बसता येत नाही. तेव्हा आम्ही स्वतःवर खूष झालो. एक खोटं पकडलं तर बाकीचीही तपासावीत, हे मात्र सुचलं नाही.

तिसऱ्या संध्याकाळी शोल्टा बेटाच्या दक्षिणेला एका छोट्या खाडीत शिरलो. तळाशी वाळूचा फिका पट्टा दिसत होता. सात मीटर पाण्यात नांगर टाकला, पंचवीस मीटर साखळी सोडली, इंजिन मागे घेऊन नांगर रुतवला. वारा नव्हताच. नाळेची उंची धरून साधारण आठ मीटर, त्याच्या तिप्पट साखळी. शांत हवेला एवढी चालते. वारा आला तर पाचपट हवी. कारण नांगर धरतो तो आडव्या ओढीने. साखळी तळावर लोळत असेल तोवर ओढ आडवी राहते आणि नांगर वाळूत आणखी घुसतो. साखळी ताठ झाली की ओढ वरच्या दिशेला होते आणि तोच नांगर फाळासारखा वाळू उकरत चालायला लागतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. हवामानाच्या अंदाजात जुगो होता, पण दुसऱ्या दिवशी दुपारी. जुगो म्हणजे आग्नेयेचा वारा, ढग आणि लाटा घेऊन येतो. आमची खाडी दक्षिणेकडे सताड उघडी. मी म्हटलं, रात्री वाटलं तर आणखी वीस मीटर सोडू, पन्नास आहेत की.

त्याच संध्याकाळी रबरी होडीतून एक माणूस आला आणि नांगर टाकल्याचे चाळीस युरो मागू लागला. रोख. मी म्हटलं, राचुन दे, म्हणजे पावती. क्रोएशियात 2013 पासून रोखीच्या व्यवहाराला करखात्याशी जोडलेली पावती द्यावी लागते. त्याने खिसे चाचपले, पुस्तक विसरलोय म्हणाला, आणि गेला तो गेलाच. आम्ही ग्लास उचलून चाळीस युरोचा विजय साजरा केला. आपल्याला कोण फसवणार!

रात्री दोनच्या सुमारास नाळ आपटायला लागली म्हणून जाग आली. अंदाजापेक्षा दहा-बारा तास आधीच वारा दक्षिणेकडून आत शिरला होता. नांगर सरकला की वाजणारा फोनवरचा गजर अजून गप्प होता, पण मागचे खडक टॉर्चच्या उजेडात जवळ वाटत होते. मी पुढे गेलो, साखळी सोडायला बटण दाबलं. पंचवीस, अट्ठावीस, तीस, आणि खाडकन हिसका. रहाटावरून साखळी संपली होती आणि पुढे होती दोरी. दोन-तीन मीटरची, हिरवट, शेवाळ वाळून कडक झालेली, गाठ इतकी जुनी की दगड झालेली. ती नाळेच्या पेटीत कडीला बांधलेली. हिसक्याने नांगर उखडला आणि तेव्हाच फोन बोंबलायला लागला.

पुढचा तासभर थोडक्यात सांगतो, कारण त्याचा अभिमान नाही. बायकोने सुकाणू धरलं, इंजिनावर हळूहळू वाऱ्यात पुढे नेत ओढ कमी केली, मी आणि मेहुण्याने नांगर वर घेतला. मध्ये विंडलासचा फ्यूज दोनदा पडला. एका क्षणी खडक वीस मीटरवर होते. खाडीबाहेर पडून शोल्टा आणि ब्राच यांच्यामधल्या स्प्लिटच्या दारातून ब्राचवरच्या मिल्ना बंदरात पोचलो तेव्हा पहाट व्हायची होती. बोटीला ओरखडा नाही. मेहुण्याच्या बायकोने या सगळ्या गोंधळात एक काम केलं होतं: त्या गाठीचा फोटो काढला होता. ‘कशाला काढलास?’ विचारलं तर म्हणाली, ‘घाण वाटली म्हणून.’

इथे माझी दुसरी चूक. सकाळी लगेच कंपनीला फोटो आणि संदेश पाठवायला हवा होता. करारात लिहिलंय, दोष आढळला तर तात्काळ कळवा. पण मला वाटलं, शुक्रवारी समोरासमोर झापू. उरलेले दिवस आम्ही बंदरांत बांधून काढले.

शुक्रवारी संध्याकाळी पाणबुड्या आला, बोटीचा तळ पाहून गेला, सगळं ठीक. मी साखळीचा विषय काढायच्या आत धक्क्यावरचा कंपनीचा मुख्य माणूसच नाळेवर गेला, साखळीची पेटी उघडली (शनिवारी ती कुणी उघडली नव्हती हे लक्षात घ्या) आणि हळहळत म्हणाला, ‘वीस मीटर साखळी कुठे?’

मी हसलो. तो हसत नव्हता. यादी काढली, ‘साखळी 50 मीटर’ वर बोट ठेवलं, खाली माझी सही. त्याचं म्हणणं असं, की साखळी खडकात अडकली असणार, तुम्ही ती कापली, लोक असं करतात. मी फोटो दाखवला. म्हणाला, गाठ तुम्हीही बांधू शकता. शेवाळ? समुद्रात असतं शेवाळ. मग हिशेब: साखळी जोडता येत नाही, पूर्ण नवी घ्यावी लागेल, मजुरीसकट 870. विंडलासवर ताण आलाय, त्याची दुरुस्ती 310. एकूण 1,180. मान्य असेल तर सही करा, उरलेले 1,320 आज परत. नसेल तर संपूर्ण 2,500 विमा कंपनीचा निर्णय होईपर्यंत अडकून राहतील, किती महिने सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बोट सोडायची, सोमवारी ऑफिस. सही केली. आयुष्यात केलेल्या सह्यांमध्ये ही सगळ्यात महाग.

नंतर दुकानांत भाव पाहिले. दहा मिलिमीटरची जस्त चढवलेली साखळी मीटरला दहा युरोच्या आसपास. पन्नास मीटरचे फार तर पाचशे. आणि माझी खात्री आहे की ते पाचशेही कुणी खर्च केले नसणार. ती बोट तीसच मीटर साखळीवर फिरते आणि यादीत पन्नास लिहून येते. जो मोजत नाही त्याच्याकडून वीस मीटर पुन्हा पुन्हा ‘हरवतात’. जो खाडीत नांगर न टाकता बंदरांतच राहतो त्याला कळतही नाही.

कार्डाच्या बँकेने वाद नोंदवून घेतला आणि दुसरी सही पाहून बंद केला. ज्या दलालामार्फत बुकिंग केलं त्याने हात वर केले, आम्ही फक्त मध्यस्थ. मग युरोपीय ग्राहक केंद्राकडे गेलो. एका देशातल्या ग्राहकाची दुसऱ्या देशातल्या व्यापाऱ्याविरुद्धची तक्रार ते फुकट हाताळतात. त्यांच्या सल्ल्याने मी साखळीचा वाद बाजूला ठेवून एवढंच विचारलं: विंडलासच्या दुरुस्तीचं बिल पाठवा. चार पत्रं गेली. बिल आलं नाही, 310 युरो आले. साखळीचं बिल मात्र त्यांनी कुठूनतरी पैदा केलं.

काकाला फोनवर सगळं सांगितलं. ऐंशीचा आहे, ऐकू कमी येतं. ‘किती वाव होती?’ त्याने विचारलं. मी म्हटलं, मोजली नव्हती. बराच वेळ काही बोलला नाही, मला वाटलं फोन कटला. मग म्हणाला, ‘अरे, दुसऱ्याच्या होडीवर चढल्यावर पहिली दोरी मोजायची. मासळी नंतर.’ आणि काकूला फोन दिला.

दोन्ही हात पसरल्यावर एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंतचं अंतर म्हणजे एक वाव. खोली आणि दोरखंड त्यानेच मोजत. माझी वाव घरी टेपने मोजून ठेवली, 1.74 मीटर भरली.

यंदा दुसऱ्या देशात, दुसऱ्या कंपनीकडून बोट घेतली. अनामतीचा विमा काढला. शनिवारी ताबा द्यायला आलेल्या पोराला म्हटलं, सहीआधी साखळी पाहायची. त्याने बटण दाबून नांगर हातभर खाली-वर केला. मी म्हटलं, नाही, सगळी. मीटरला सव्वादोन किलो धरा, म्हणजे शंभर किलोच्या वरचा ऐवज. मेहुणा आणि मी पेटीतून हाताने उपसून ती डेकवर नागमोडी पसरत गेलो. पाऊण तास लागला, हात गंजाने लाल झाले. शेजारच्या बोटीवरचे लोक बिअर पीत बघत होते. मधल्या दोन कड्या झिजलेल्या निघाल्या, त्यांचा फोटो काढून पोराला तिथेच संदेश पाठवला. शेवटची दोरी नवी होती, आणि गरज पडली तर कापता येईल अशी डेकपर्यंत पोचणारी. मी वाव मोजत गेलो. सत्तावीस भरल्या.

‘पन्नास लिहू?’ पोराने पेन काढत विचारलं.

‘सत्तेचाळीस,’ मी म्हटलं.