एसटीचं अर्धं तिकीट: निवृत्तांसाठी उत्तम सोय

पाटबंधारे खात्यातून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. पुढची काही वर्षं स्वयंपाकघरात सूचना देण्यात गेली. त्याबद्दल सौभाग्यवतींना विचारा. मग पासष्टी गाठली आणि एसटीची अर्ध्या तिकिटाची सवलत लागू झाली. आता आठवड्यातून एखादा दिवस साताऱ्याच्या स्टँडवर जातो, आणि समोर जी गाडी लागलेली असेल तिच्यात बसतो.

परवा वाईची मिळाली. कंडक्टरला आधार कार्ड दाखवलं, काम झालं. आधी ढोल्या गणपती, मग रमतगमत मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. तिथल्या घाटावर वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे, ती जरूर बघा. शेजारच्या पायऱ्यांवर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. परतीला खिडकी मिळाली, डुलकीही लागली.

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून एसटी पूर्ण मोफत आहे. बायकांना 2023 पासून वयाची अट न ठेवता निम्मं तिकीट, त्यामुळे 'परवडत नाही' ही सबब आमच्या घरात संपली. मात्र सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच, पणजीला निघालात तर पुढचे पैसे मोजावे लागतात. आणि शहर बससाठी हा नियम धरून चालू नका.

माझा सल्ला: रविवार आणि लग्नसराई टाळा. मंगळवारी सकाळी निघा, पाण्याची बाटली घ्या, घाईचा माणूस बरोबर घेऊ नका. पाचपैकी साडेचार तारे.