सर्व्हिस डॉग की थेरपी डॉग?

भाचा सात वर्षांचा, ऑटिझम असलेला. ताईने विचारलं, "कुत्रा घ्यायचा का गं?" मी म्हटलं, आधी कुठला ते ठरव.

सर्व्हिस डॉग एकाच मुलासाठी तयार होतो. मूल धावत सुटणारं असेल तर त्याचा पट्टा कुत्र्याच्या जॅकेटला जोडतात, दुसरी दोरी आईबाबांच्या हातात. मूल रस्त्याकडे ओढू लागलं की कुत्रा चक्क बसकण मारतो. गोंगाटाने बिथरलं तर मांडीवर भार देऊन पडतो. त्या दाबाने काही मुलं निवळतात. पण शिकवायला दीड-दोन वर्षं, आणि खर्च दणदणीत. अमेरिकेत १९९० च्या अपंगत्व कायद्यामुळे असा कुत्रा दुकानातही नेता येतो. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे खरा, पण सकाळी साडेआठला दादरहून लॅब्राडॉर घेऊन लोकलमध्ये चढून दाखवा!

थेरपी डॉग हँडलरसोबत, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या माणसासोबत येतो, तासभर थांबतो, जातो. फिरवणं, आंघोळ, महापालिकेचा परवाना, काही आपल्या गळ्यात नाही. भाच्याने पहिल्या दिवशी फक्त त्याचा कान दोन बोटांत धरला. तिसऱ्या भेटीत केस विंचरले आणि म्हणाला, "बस." कुत्रा बसला. ताई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

रात्री मूल दार उघडून निघालं तर मात्र हा कुत्रा उपयोगाचा नाही. तिथे उंचावर लावलेली कडीच बरी.

वन बीएचके असेल तर मी तरी थेरपीकडे झुकेन. पोराला कुत्र्याचा वास, लाळ सोसते का, हेही तिथेच कळतं.