अस्सल कंपनीचे नाव, बनावट टीव्हीएस डायोड

ठिबक सिंचनाच्या स्वयंचलित नियंत्रणाची कार्डे बनवणारा माझा छोटा कारखाना सांगली जिल्ह्यात आहे आणि आमचे बहुतेक ग्राहक तासगाव भागातले द्राक्ष बागायतदार आहेत. या कार्डांना विजेच्या उसळीपासून, म्हणजे सर्जपासून, वाचवण्यासाठी आम्ही जे टीव्हीएस डायोड लावतो, ते आम्हाला बनावट विकले गेले. त्यात आमचे नुकसान झालेच, पण शेतकऱ्यांना जो मनस्ताप झाला तो मला जास्त लागला. असा माल आजही विकला जात असणार, म्हणून काय घडले ते तपशिलाने लिहीत आहे.

बागेतल्या व्हॉल्वच्या आणि ओलावा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारा शेकडो फूट लांब पसरलेल्या असतात. वळिवाच्या दिवसांत वीज प्रत्यक्ष तारेवर पडावी लागत नाही. ती जवळपास कोसळली तरी एवढ्या लांब तारेत क्षणभर मोठा विद्युतदाब (व्होल्टेज) निर्माण होतो. टीव्हीएस डायोड एरवी स्वस्थ असतो, पण तारेवरचा दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो मायक्रोसेकंदाच्या अगदी लहान अंशात वाहू लागतो आणि उसळी स्वतःवर घेतो. आमची लाइन २४ व्होल्टची असल्याने आम्ही १.५केई३०ए हा डायोड निवडला होता. डेटाशीटप्रमाणे, म्हणजे कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकाप्रमाणे, तो एक मिलीअँपिअरला २८.५ ते ३१.५ व्होल्टच्या दरम्यान वाहू लागतो आणि सुमारे ३६ अँपिअरची उसळी आली तरी दाब ४१.४ व्होल्टच्या वर जाऊ देत नाही. त्याच्या मागचा रेग्युलेटर, म्हणजे कार्डाला स्थिर दाब पुरवणारा भाग, ६० व्होल्ट सहन करणारा होता, त्यामुळे मधे पुरेशी जागा होती आणि आधीच्या हंगामांत हीच रचना व्यवस्थित टिकली होती.

अधिकृत वितरकाकडे त्या वेळी माल लवकर मिळत नव्हता. मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याने हाच डायोड, त्याच नामवंत कंपनीचा, ‘एका कारखान्याच्या जादा साठ्यातला’ म्हणून देऊ केला. भाव वितरकापेक्षा किंचितच कमी होता. फार स्वस्त असता तर कोणालाही शंका आली असती, आणि तेवढे भान विकणाऱ्याला होते. डायोड ज्या टेपवर चिकटवून येतात तिच्यावरचे लेबल, लॉट क्रमांक, डायोडवरची अक्षरे, सारे जागच्या जागी होते. मल्टिमीटरवरही प्रत्येक नग ठीक दाखवत होता.

मे महिन्यातल्या पहिल्या मोठ्या वळिवानंतर कार्डे परत येऊ लागली. एप्रिलची खरड छाटणी झालेल्या बागेला त्या दिवसांत पाण्याचा ताण सोसत नाही, आणि नेमके तेव्हाच व्हॉल्व उघडेनासे झाले. जळालेल्या कार्डांची पाहणी करताना एक गोष्ट खटकली : रेग्युलेटर गेला होता, कार्ड चालवणारा मायक्रोकंट्रोलर गेला होता, पण टीव्हीएस डायोड मात्र सगळीकडे धडधाकट होते आणि त्यांच्या आधीचा फ्यूजही शाबूत होता. अस्सल टीव्हीएस डायोडवर झेपणार नाही एवढी उसळी आली, तर तो बहुधा शॉर्ट होतो, फ्यूज उडवतो आणि स्वतः जाऊन कार्ड वाचवतो. मागचे सगळे जळून डायोडला काहीच झालेले नसेल, तर उसळी त्याच्यातून गेलीच नाही, असा याचा अर्थ होतो.

त्यानंतर आम्ही दोन पॉवर सप्लाय एकापुढे एक जोडून ६० व्होल्ट केले, ३३ किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत घातला आणि डायोड उलट्या दिशेने लावून त्याच्या दोन टोकांमधला दाब मोजला. जुन्या, वितरकाकडून घेतलेल्या डायोडवर तो ३० व्होल्टच्या आसपास थांबला. नव्या मालातला एकही नग थांबला नाही. मीटरने पुरे ६० व्होल्ट दाखवले. ॲसिटोनने अक्षरे पुसल्यावर खाली आधीच्या छपाईच्या पुसट खुणा दिसल्या. बहुधा ते १एन५४०८ जातीचे साधे रेक्टिफायर, म्हणजे वीज फक्त एका दिशेने जाऊ देणारे डायोड, असावेत, कारण बाह्य आकार जवळपास तोच असतो आणि ते उलट दिशेने १००० व्होल्टपर्यंत अडवून धरतात. सुलट दिशेला दोघेही जवळपास सारखेच वागतात, उलट दिशेला मीटरच्या दोन-तीन व्होल्टांवर दोघेही बंदच दिसतात. त्यामुळे मल्टिमीटरच्या डायोड चाचणीत हा फरक कोणालाही कळणे शक्य नाही.

व्यापाऱ्याने आधी आमच्या डिझाइनलाच दोष दिला. मोजणीचा व्हिडिओ पाठवल्यावर त्याने, ‘साहेब, चुकून दुसरी पेटी गेली,’ असे म्हणून माल बदलून दिला. मला सर्वांत जास्त सावध करायचे आहे ते या दुसऱ्या मालाबद्दल. तो वरच्या चाचणीत उत्तीर्ण झाला, तीस व्होल्टला बरोबर थांबला. मात्र शंका आल्यामुळे आम्ही एलसीआर मीटरवर त्याची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, जुन्या डायोडशी ताडून पाहिली, तर ती निम्म्याहूनही कमी भरली. आतली सिलिकॉनची चिप जितकी मोठी तितकी कपॅसिटन्स जास्त आणि उसळी पचवण्याची ताकदही जास्त. काही नग फोडून पाहिले, तेव्हा १५०० वॉटची उसळी सोसणाऱ्या डायोडच्या जाड आवरणात लहान चिप बसवलेली आढळली. असा डायोड बरोबर जागी वाहू लागतो, पण लहानशा उसळीतच निकामी होतो.

पैसे परत मागितले तेव्हा बिलाचा खरा उपयोग व्यापाऱ्याला झाला. त्यावर ‘डायोड’ एवढेच लिहिले होते, सोबत ८५४१ हा मालाच्या वर्गीकरणाचा एचएसएन कोड आणि नगांची संख्या. पार्ट नंबर नाही, कंपनी नाही, लॉट नाही. वर्णनाप्रमाणे माल मिळण्याचा हक्क १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे, परंतु वर्णन कागदावर असेल तरच तो सहज बजावता येतो. व्यावसायिक कारणासाठी केलेल्या खरेदीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार सहसा मिळत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्या एकट्या कारागिराला तो मिळू शकतो. आमच्याकडे सुदैवाने मोबाइलवरचे संदेश होते, ज्यांत पार्ट नंबर आणि कंपनीचे नाव त्याने स्वतः लिहिले होते, आणि आमच्या वकिलांनी त्यांच्याच आधारावर नोटीस पाठवली आहे.

आता आम्ही पूर्ण पार्ट नंबर, कंपनी आणि लॉट बिलावर आल्याशिवाय पैसे देत नाही, आणि प्रत्येक लॉटमधले काही नग सोल्डर करण्यापूर्वी दोन्ही प्रकारे मोजून नमुना म्हणून सीलबंद ठेवतो. ज्यांची कार्डे अशा मालासह आधीच शेतात पोहोचली असतील, त्यांनी ती जळून परत येण्याची वाट न पाहता डायोड जागेवरच बदलावेत. उलट मोजणीसाठी डायोडचे एक टोक कार्डावरून सोडवावे लागते, नाहीतर प्रवाह मागच्या रेग्युलेटरमधूनही जाईल आणि मोजणी चुकीची येईल.