पेलेट डायमधून काढावी का? आठ महिन्यांनंतर मत बदललं

एअर रायफलच्या पेलेटचे, म्हणजे शिशाच्या बारीक गोळ्यांचे, पाच डबे कुरिअरनं आले, त्यातल्या दोन डब्यांतल्या पेलेट चेपलेल्या. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर म्हणतो, "शिसं आहे साहेब, चेपणारच." परत काही घेतले नाहीत. पाचशे पेलेटचा डबा हजार रुपयांच्या पुढं. हजार पेलेट टाकून द्यायला आमच्या घरी शिशाची खाण नाही.

लेक दहा मीटर एअर रायफल मारते. राधानगरीकडच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिसला ब्राँझ आणलं, तेव्हापासूनचं हे वेड. असो.

उद्यमबागेतल्या लेथवाल्या अण्णांकडून 4.49 मिमी भोकाची डाय, म्हणजे चेपलेली पेलेट गोल करायचा साचा, करून घेतली. "केसाच्या जाडीएवढा बी फरक नाही की हो ह्यात," म्हणत त्यांनी ती तीनदा पॉलिश केली. पेलेट घालायची, दांड्यानं ढकलायची, खालून गोल गरगरीत बाहेर. व्हर्निअर लावून बघत बसायचो, सगळ्या सारख्या! रेंजवर तिघांना सांगितलं, डाय करून घ्या म्हणून. ते शब्द मागे घेतो.

कारण पोरीचे दहा गुणांचे नेम कमी व्हायला लागले. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, तिथं चुकीला माफी नाही. मी तिलाच बोललो, श्वास नीट धर म्हणून. शेवटी रायफल शिकंज्यात आवळून मारून बघितली. न चेपलेल्या डब्यातल्या पेलेटचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, सहा मिलिमीटर, डायमधल्यांचा नऊ. पोरीची माफी मागितली, आइस्क्रीमसकट.

चूक माझी. पेलेटचं डोकं भरीव, ते नळीच्या आतल्या पिळदार आट्यांवर टेकून जातं. आमच्या नळीला 4.50 चं डोकं मानवतं, ते मी आवळून सैल करून ठेवलं. चेपला होता तो मागचा पोकळ घागरा. तो पातळ असतो, हवेच्या दाबानं फुलून नळीला बसतो. पण आधीच वाकडा असला तर फुलतोही वाकडाच.

मोठ्या रायफलीच्या पितळी पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी कवचं, पुन्हा भरणाऱ्यांचा वाद असाच आहे: नुसती मान आवळायची की अख्खी पुंगळी? एकदा उडालेली पुंगळी आपल्याच चेंबरच्या, म्हणजे रायफलीत ती बसते त्या खोबणीच्या, मापाला फुललेली असते, म्हणून काही जण अंगाला हात लावत नाहीत. पण चार-पाचदा भरली की चेंबर बंद करायचा बोल्ट जड लागायला लागतो, मग अंगही आवळावं लागतं, मानेखालचा उतरता खांदा केसभर मागे सारावा लागतो. माझ्या पेलेटला ती वेळ येतच नाही, एकदा उडाली की संपली. तरी मी अख्खी आवळत बसलो!

आता जुन्या पितळी बॉलपेनचं निमुळतं टोक घागऱ्यात हलकेच फिरवतो. ग्रुप साडेसहावर आला. घडी पडलेल्या मात्र सुधारत नाहीत, त्या नुसत्या सरावाला. एका डब्याला अख्खी संध्याकाळ जाते, आणि हात शिशाचे म्हणून जेवायच्या टेबलावर बसायला मला बंदी आहे.

अण्णा परवा भेटले, "डाय कशी चालतीय?" म्हणाले. एक नंबर, म्हटलं.

पुढचे डबे पुण्याहून मी स्वतः आणले, एस.टी.त मांडीवर ठेवून. जाऊन येऊन तिकीट दोन चेपलेल्या डब्यांपेक्षा स्वस्तच पडलं.