कार्ड मशीनमध्ये गेलंच नाही, तिथेच उठायला हवं होतं

त्वचेच्या डॉक्टरकडच्या एका भेटीचे एकूण 151 युरो 40 सेंट. 95 'त्वचातपासणी'चे, 38 तिळांच्या 'व्हिडिओ'चे आणि मेडिकलमध्ये मलमाचे 18.40. जर्मनीत दर महिन्याला पगारातून गेझेत्सलिश, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचा हप्ता मुकाट कापला जातो, आणि माझं वय 37. वयाच्या 35 वर्षांपासून दर दोन वर्षांनी त्वचेच्या कर्करोगाची तपासणी विम्यातच आहे. डर्माटोस्कोपने, म्हणजे खास भिंगाने, तीळ बघणंही 1 एप्रिल 2020 पासून त्यातच धरलंय. म्हणजे 95 च्या जागी शून्य. मलमाचे 5.

डॉक्टरची वेळ ऑनलाइन घेतानाचा सापळा कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. अ‍ॅपवर 'गेझेत्सलिश' निवडायचं, सगळीकडे चार-पाच महिन्यांनंतरची तारीख, आणि एका ठिकाणी चक्क परवाची. खाली बारीक करड्या अक्षरांत 'झेल्ब्स्टत्सालर', म्हणजे खिशातून भरणारे. निव्वळ खाजगी दवाखाना असता तर चूक माझीच म्हटलं असतं. पण यांच्या दारावर पाटी 'प्रिव्हाट उंड आले कासेन', सगळे विमे चालतात! आणि विम्याची मान्यता घेतलेल्या डॉक्टरला विम्यातल्या कामाचे, किंवा लवकर वेळ दिल्याचे, वेगळे पैसे मागता येत नाहीत.

आता तो क्षण. काउंटरवरच्या बाईंनी विम्याचं कार्ड घेतलं, नाव वाचलं आणि कीबोर्डशेजारी ठेवून दिलं. वाचायचं मशीन वीतभर अंतरावर, हिरवा दिवा लागलेला. प्रत्येक तिमाहीत पहिल्या भेटीला कार्ड मशीनमध्ये घालतातच, कारण विम्याकडे बिल जातं ते तिथूनच. कार्ड आत गेलं नाही म्हणजे बिल तुमच्या नावावर. हे मला माहीत होतं, यानेच जीव जळतो! त्याऐवजी हातात टॅबलेट आला, चार पानं, तिसऱ्या पानावर 'आउफ आइगेनेन वुन्श', म्हणजे मी स्वतःच्या मर्जीने खाजगी उपचार मागतोय. मागे तिघं ताटकळत उभे, नाव पुकारलेलं. सही केली. बी-2 पर्यंतचं जर्मन आहे हो, पण करारातलं जर्मन उभ्याउभ्या कोण वाचतं?

दुसरी खूण निळा कागद, म्हणजे खाजगी चिठ्ठी. विम्यातलं औषध 2024 पासून ई-रेझेप्ट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी म्हणून येतं, मेडिकलवाला कार्ड घालून ते बघतो. निळा कागद हातात पडला की पूर्ण किंमत तुमची.

बिलही बघा. 'पाउशाल 95', उक्ते. खाजगी बिल गेओए या दरपत्रकानुसारच करावं लागतं, प्रत्येक कामाचा क्रमांक आणि मूळ दराच्या किती पट ते लिहून. सल्ला क्रमांक 1, त्वचेची पूर्ण तपासणी क्रमांक 7, डर्माटोस्कोप क्रमांक 750. नेहमीच्या 2.3 पटीने 10.72, 21.45 आणि 16.09. बेरीज 48.26. तुमच्या बिलावर क्रमांक नसतील तर पैसे भरू नका, आधी तपशीलवार बिल मागा. मी काउंटरवरच कार्डाने भरून मोकळा झालो, हा आणखी एक गाढवपणा.

तक्रारीचं तर विचारूच नका. विमा कंपनी म्हणाली, सही तुमची आहे, विम्याची मान्यता असलेल्या डॉक्टरांच्या संघटनेला लिहा. संघटनेचं उत्तर सहा आठवड्यांनी: बिलाचा मुद्दा आमचा नाही, वैद्यक परिषदेकडे जा. परिषदेने फॉर्म पाठवला, त्यात डॉक्टरला गुप्ततेतून मोकळं करायची सही हवी, ती दिली. मग पत्र, की हा दोघांमधला दिवाणी करार आहे, ग्राहक केंद्रात विचारा. ग्राहक केंद्रात सल्ल्याला फी! विम्यातलं काम विम्याबाहेर विकलं की नाही, एवढा एकच प्रश्न होता. चार दारं फिरलो, एकानेही 'हो' किंवा 'नाही' लिहून दिलं नाही. सगळ्यांनी आवक क्रमांक मात्र न चुकता दिला.

खरा रस्ता 116117, डॉक्टरची वेळ मिळवून देणारी सेवा. हाउसआर्ट्स्टकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून, त्वचेच्या डॉक्टरसाठी युबरवाइझुंग (शिफारसचिठ्ठी) घ्या आणि तिच्यावर 12 अक्षर-आकड्यांचा कोड हवा असं स्पष्ट सांगा. आपणहून बरेचदा देत नाहीत आणि कोडशिवाय त्वचेच्या डॉक्टरची वेळ तिथून मिळत नाही. कोड संकेतस्थळावर टाका किंवा फोन करा. आठवड्याभरात वेळ सुचवायला हवी, आणि ती पुढच्या चार आठवड्यांतली; पुढे ढकलता येणाऱ्या नेहमीच्या तपासणीला मात्र ही मुदत नाही. डॉक्टर निवडता येत नाही, गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागेल. जा.

अंगावर पुरळ, खाज, अचानक बदललेला तीळ असेल तर 'ओफेने श्प्रेखश्टुंडे', म्हणजे वेळ न घेता जायचे तास. 2019 च्या कायद्याने पूर्णवेळ मान्यता असलेल्या त्वचारोगतज्ज्ञांना आठवड्यातून किमान पाच तास वेळ न घेता आलेले रुग्ण बघावे लागतात. या वेळा अ‍ॅपवर शोधत बसू नका, फोन करून विचारा, आणि दार उघडायच्या आधी अर्धा तास रांगेत उभे राहा. तिमाहीच्या शेवटी जाऊ नका. विमा एका रुग्णामागे तिमाहीची ठरावीक रक्कम देतो आणि त्याला वरून मर्यादा, त्यामुळे मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरात 'जागा नाही' हेच उत्तर मिळतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच नंबरवर जागा असते.

आणि आत गेल्यावर पहिलं वाक्य: 'कार्ड आधी वाचून घ्या.' टाळाटाळ झाली तर टॅबलेटला हात लावू नका.